बसमध्ये सांगितलेली गोष्ट

कृष्णराज वकिलांचं ऑफिस धाराशिवला कोर्टासमोरच्या बोळात होतं हे खरं, पण त्यांची खरी वकिली चालायची ती तेरहून सकाळी नऊला सुटणाऱ्या एसटीत. ड्रायव्हरच्या मागची तिसरी ओळ. खिडकीची जागा त्यांची आणि शेजारची जागा ज्याच्यामागं काही झेंगट लागलंय त्याची. गाडीनं गाव सोडलं की शेजारचा माणूस घसा साफ करायचा आणि म्हणायचा, “वकीलसाब, एक इचारायचं व्हतं.” मग बांधाचा वाद असो, सातबाऱ्यावर चुकलेलं नाव असो, नाहीतर पोरीच्या सासरचा जाच असो, धाराशिवचा स्टँड येईपर्यंत सल्ला पुरा व्हायचा. गाडीचा खडखडाट इतका, की शेजारच्याचं बोलणं फक्त शेजाऱ्यालाच ऐकू यावं.

फी कोणी देत नसे, हे मागत नसत. त्यांच्या बायकोला, विमलला, ह्याचा भारी राग. “अहो, ते बोळातलं ऑफिस सोडून द्या आणि महामंडळालाच भाडं भरा,” असं ती म्हणायची, आणि हे हसत डबा पिशवीत घालायचे. वय चोपन्न, केस पांढरे, स्वभाव मऊ. तेरमध्ये त्यांच्या शब्दाला मान होता आणि आपल्या शब्दाला मान आहे हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं. तेवढा एक दोष सोडला तर माणूस लाखमोलाचा.

तर एका रविवारी वकील संघानं सगळ्या वकिलांसाठी ‘व्यावसायिक नीतिमत्ता : उजळणी वर्ग’ ठेवला. हजेरी सक्तीची, दुपारी जेवण, शेवटी प्रमाणपत्र. सुट्टीचा दिवस गेला म्हणून सगळेच कुरकुरत होते. कल्याणप्पा वकील, कृष्णराजांचे पंचवीस वर्षांचे दोस्त आणि कोर्टात बहुतेक वेळा समोरच्या बाजूचे, खुर्चीत पसरून म्हणाले, “केस पिकल्यावर आता नीतिमत्ता शिकवतेत. तीन पोरं झाल्यावर मुलगी बघायला नेल्यासारखं झालं की रे हे.”

शिकवायला उभी होती वैष्णवी. सहा वर्षं कृष्णराजांच्या हाताखाली काढलेली मुलगी. दावा कसा लिहावा, साक्षीदाराला कधी बोलू द्यावं आणि कधी अडवावं, हे सगळं तिनं त्यांच्याकडूनच उचललेलं. आता वकिली करत लॉ कॉलेजातही शिकवत होती. कृष्णराज मुद्दाम पहिल्या ओळीत बसले होते. आपल्या जुनियरचं कौतुक आपण नाही करायचं तर कोणी?

पण वैष्णवीची पहिल्याच घासाला पंचाईत झाली. छोट्या गावच्या कोर्टात काल्पनिक उदाहरण देताच येत नाही. ती म्हणाली, “समजा, एका वकिलानं अशिलाला न विचारता तडजोड केली,” की साठ माना एकदम मागच्या कोपऱ्याकडं वळायच्या. ती म्हणाली, “समजा, एका वकिलानं तारीख विसरून,” की कोणीतरी ओरडायचं, “नाव घ्या की मॅडम, समोरच बसलेत!” हशा पिकायचा. ज्याच्यावर पिकायचा तोही हसायचा. कृष्णराज तर पोट धरून हसत होते, कारण अजून त्यांची पाळी आली नव्हती.

मग वैष्णवीनं फळ्यावर नवा प्रश्न मांडला. “समजा, एक वकील बसनं कोर्टात येतात. शेजारी गावातली एक बाई बसते. ती आपल्या जमिनीच्या भांडणाची गोष्ट सांगते, काय करावं विचारते. वकील सल्ला देतात. वकीलपत्र नाही, फी नाही. पुढं त्याच भांडणात बाईचा विरोधक त्यांच्याकडं येतो आणि ते त्याचं वकीलपत्र घेतात. बाईनं बसमध्ये जे सांगितलं, ते तिच्याविरुद्ध वापरता येईल का?”

“येईल की!” पहिला हात कृष्णराजांचा वर गेला. “वकीलपत्र नाही, फी नाही, म्हणजे ती अशील नाही. बसमधलं बोलणं ते, आलं वाऱ्यावर, गेलं वाऱ्यावर.”

मागून बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. वैष्णवी मात्र खडू हातात धरून उभी राहिली.

“नाही सर. येणार नाही.”

“का म्हणून?”

“तिनं ते तुम्हाला का सांगितलं, एवढंच बघायचं. शेजारी बसला होता म्हणून सांगितलं, की वकील होता म्हणून? वकील होता म्हणून सांगितलं असेल आणि तुम्ही सल्ला दिला असेल, तर त्या घडीला ती तुमची अशील झाली. तिचं ते बोलणं तुमच्याजवळची ठेव झाली. ते वापरायचं तर नाहीच, पण त्या कामात तिच्याविरुद्ध उभंही राहायचं नाही.”

“मग आम्ही काय बसनं जायचंच नाही व्हय?” कृष्णराज म्हणाले, आणि सगळा हॉल पुन्हा हसला. ह्या वेळी कृष्णराज हसले नाहीत.

कारण ती बाई काल्पनिक नव्हती. निदान त्यांच्यापुरती तरी नव्हती. तिचं नाव द्वारकाबाई.

दोन वर्षांमागं द्वारकाबाई अशाच नऊच्या गाडीत शेजारी येऊन बसल्या होत्या. साठीच्या, विधवा, नवऱ्यामागं माहेरच्या गावी, तेरलाच राहणाऱ्या, भाजी विकायला रोज धाराशिवला जाणाऱ्या. थोरल्या भावानं, रामकिसनदादांनी, त्यांच्याकडून हक्कसोड पत्र करून घेतलं होतं. म्हणजे बापाच्या जमिनीतला आपला वाटा भावाला सोडून दिल्याचा कागद. द्वारकाबाईंना वाचता येत नाही. पण बाई धोरणी. कागद आदल्या दिवशी घरी आला होता, तेव्हा भावाला न सांगता त्यांनी तो शेजारच्या गिरिजाबाई मास्तरणीकडून दोनदा वाचून घेतला होता. सगळं समजून अंगठा दिला होता. का दिला? तर दादा म्हणाला होता, कागदावर नसलं तरी विहिरीकडचं दोन एकर तुझंच. आता दादा त्या दोन एकरांचं नाव काढत नव्हता.

“काय करावं, वकीलसाब? म्या कुणालाच बोलले न्हाय हे. गिरिजाबाईचं तर दादाला सपनात बी ठाव न्हाय.”

“आक्का, तोंडी शब्दाला कोर्टात फार जोर नसतो,” कृष्णराज तेव्हा म्हणाले होते. “आधी भावाशी नीट बोलून बघा.”

आक्का बोलल्या, भाऊ ऐकेना, आणि त्या कल्याणप्पांकडं गेल्या. कल्याणप्पांनी दावा लावला : कागद मला कोणी वाचून दाखवला नाही, त्यात काय होतं हे मला ठाऊकच नव्हतं. मग रामकिसनदादा कृष्णराजांकडं आले. त्यांच्या घराची कामं कृष्णराजांच्या वडिलांपासून ह्याच ऑफिसात यायची. त्यांनी वकीलपत्रावर सही केली आणि गोरोबाकाकांची शपथ घेऊन सांगितलं, दोन एकराचं म्या काय बी म्हणलो न्हाय. कृष्णराजांना बसमधलं सगळं आठवत होतं. आठवत होतं म्हणून तर ते खूश होते. परवा, मंगळवारी, द्वारकाबाईंचा उलटतपास होता आणि फायलीत एका चिठ्ठीवर प्रश्न लिहून ठेवलेला होता : ‘अंगठा देण्याच्या आदल्या दिवशी हा कागद गिरिजाबाईंनी तुम्हाला दोनदा वाचून दाखवला, हे खरं आहे का?’ खाली दोन रेघा. त्या एका प्रश्नावर दावा आडवा होणार होता.

आपण हे काय करून बसलो होतो, हे त्यांना चोपन्नाव्या वर्षी, पहिल्या ओळीत बसून, आपल्याच जुनियरकडून कळलं. लाज वाटली. चांगलीच वाटली.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी वैष्णवीला बाजूला घेतलं. ताटातल्या पुरीकडं बघत विचारलं, “समजा, त्या वकिलानं तो प्रश्न विचारलाच नाही. गप्प राहून केस चालवली. मग?”

“मग त्याच्या अशिलाचं काय, सर? त्याला वाटतंय वकील सगळं बळ लावून लढतोय, आणि वकील तर हात आखडून उभा. ती त्याची फसवणूक झाली. केस सोडायचीच.”

“आणि अशिलाला कारण काय सांगायचं?”

“काहीच नाही. कारण सांगितलं म्हणजे बाईची गोष्ट सांगितलीच की.”

कृष्णराजांनी मान हलवली. वैष्णवीनं त्यांच्या तोंडाकडं नीट बघितलं. सहा वर्षं त्या तोंडाकडं बघून ती कोर्ट शिकली होती. ती पुढं काही विचारायला गेली, थांबली, आणि म्हणाली, “सर, शिरा घ्या ना अजून. चांगला झालाय.” शहाणी पोरगी.

सोमवारी सकाळी कृष्णराज स्वतः रामकिसनदादांच्या घरी गेले. दादा ओसरीवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होते. पासष्टीचा उंच, ताठ माणूस. वकील दारात आलेले बघून त्यांनी घाईघाईनं सतरंजी झटकली.

“दादा, तुमचं काम मला चालवता येणार नाही. मी कोर्टात तसा अर्ज देतो. तुम्हाला दुसरा वकील करायला मुदत मिळेल. घेतलेली फी ही परत आणलीय.”

दादांना आधी वाटलं थट्टा आहे. मग त्यांचा चेहरा उतरला. “उद्या तारीख, आन् आज सोडता? माजं काय चुकलं?”

“तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं.”

“काय चुकलं ते तरी सांगा.”

“ते सांगता येत नाही.”

दादांनी हातातला घाटा खाली टाकला. मग म्हणाले, “द्वारकीनं काय दिलं तुमाला?”

कृष्णराजांच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. तेरमध्ये आजवर कोणी त्यांना असं बोललं नव्हतं. जिभेच्या टोकाशी उत्तर होतं, एका वाक्यात तोंड बंद झालं असतं. त्यांनी ते गिळलं. “नमस्कार करतो, दादा,” एवढंच म्हणून ते उठले.

गावात गोष्ट पसरायला दुपारही लागली नाही. वकील फुटला. बहिणीकडून खाल्लं. गिरणीवर विमलच्या कानावर आलं, तेव्हा तिनं दळणाचा डबा तिथंच ठेवला आणि सांगणाऱ्या बाईला असं काही सुनावलं, की गिरणीवाल्यानं गिरणी बंद करून ऐकलं. संध्याकाळी मात्र तिनं नवऱ्याला विचारलं, “का सोडलं हो काम?”

“विमल, ते मला सांगता येत नाही.”

“मला पण?”

“तुला पण.”

सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांनी कोर्टातलं काही तिच्यापासून लपवलं नव्हतं. ती रुसली. रुसली, पण दुसऱ्या दिवशी डब्यात त्यांच्या आवडीची शेंगांची पोळी होती. रुसण्याची तिची तेवढीच ताकद होती.

बसमधल्या लोकांची रुसण्याची ताकद मात्र जास्त होती. मंगळवारपासून कृष्णराजांच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. गाडी खच्चून भरलेली, लोक दांड्याला लटकलेले, पण तिसऱ्या ओळीत वकिलाशेजारी बसायला कोणी तयार नाही. ज्यांनी दहा-दहा वर्षं फुकट सल्ले नेले ते खिडकीबाहेर ऊस बघू लागले. कृष्णराजांना ऑफिसात अशील नसल्याचं कधी दुःख झालं नव्हतं, पण ही रिकामी जागा त्यांना खाऊ लागली. ते पिशवी मांडीवरून उचलून तिथं ठेवायचे, पुन्हा मांडीवर घ्यायचे.

द्वारकाबाई गेलं दीड वर्ष मागच्या टोकाला, कंडक्टरजवळ बसत होत्या. कृष्णराज भावाच्या बाजूनं उभे राहिलेले पहिल्यांदा कोर्टात दिसले, त्या दिवसापासून. उलटतपासाच्या विचारानं त्यांची झोप गेली होती. ह्या माणसाला सगळं ठाऊक आहे, भर कोर्टात तो गिरिजाबाईचं नाव घेणार आणि आपण खोट्या ठरणार. मंगळवारी त्या पिंजऱ्यात चढायची तयारी करून आल्या, आणि बघतात तर वकिलानं कामच सोडलेलं. वाटलं, मग दादाला सांगून गेला असेल. पण दादाच्या नव्या वकिलानं, पंचाक्षरींनी, नुसती मुदत मागितली, आणि दादाच्या चेहऱ्यावर तर काहीच कळल्याची खूण नव्हती. नुसता राग होता.

आठवड्याभरानं एका सकाळी द्वारकाबाई पुढच्या दारानं चढल्या आणि तिसऱ्या ओळीतल्या रिकाम्या जागेवर बसल्या.

कृष्णराज दचकले. “आक्का, केसचा एक शब्द बोलायचा नाही.”

“म्या कुटं बोलते? जागा रिकामी दिसली, बसले.”

त्या रोज बसू लागल्या. गप्पा व्हायच्या त्या ज्वारीच्या, नातवाच्या परीक्षेच्या, गुडघ्याच्या. भल्या मनानं बसल्या बिचाऱ्या. पण गावाला आणखी काय हवं होतं? वकील फुटल्याचा पुरावाच आता रोज नऊच्या गाडीत समोर बसू लागला. हे आक्कांच्या ध्यानात पंधरा दिवस आलंच नाही, आणि कृष्णराज तर बोलणारच नव्हते.

पुढची तारीख आली. त्या दिवशी रामकिसनदादाही नऊच्याच गाडीला आले. पायरीवर पाय ठेवला आणि त्यांना समोर दिसले ते बहीण आणि वकील, एका शिटावर.

“बगा,” दादा गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आता लाज बी सोडली. ह्येच्या बापानं आमच्या बापाची इमानानं कामं केली, आन् ह्यो माझ्या बहिणीच्या हातानं इकला गेला.”

गाडी अजून सुटली नव्हती. इंजिन बंद होतं, त्यामुळं शब्दन् शब्द मागच्या काचेपर्यंत गेला. कृष्णराज खाली मान घालून बसले.

द्वारकाबाई उठून उभ्या राहिल्या.

“दादा, ह्येंला बोलू नगंस. मला बोल. दोन सालामागं ह्याच जाग्यावर बसून म्याच ह्येंला सांगितलं व्हतं, की तो कागद...”

“आक्का!” कृष्णराज ताडकन उठले. “गप्प बसा! तारीख आहे आज! आक्का, तुमचा वकील कल्याणप्पा आहे, त्याला विचारल्याशिवाय एक अक्षर बोलू नका. लोकहो, तुम्ही काही ऐकलेलं नाही!”

“ऐकू द्या की समद्यांला. माजी गोष्ट हाय, म्या सांगते.” आक्का भावाकडं वळल्या. “कागद मला ठाऊक व्हता, दादा. गिरिजाबाईनं दोनदा वाचून दाखवला व्हता. समजून अंगठा दिला म्या. दाव्यात लिवलंय ते खोटं हाय. आन् तुज्या ह्या वकिलाला ते समदं ठाऊक व्हतं. एक डाव इचारलं असतं कोर्टात, तर तू जितला असतास. पर ह्येंनी इचारलं न्हाय. तुला बी सांगितलं न्हाय. गावाच्या शिव्या खाल्ल्या, पर माजं नाव घेतलं न्हाय.”

दादा दांडा धरून उभे होते. कंडक्टरनं घंटी मारायला वर केलेला हात तसाच राहिला.

“समजून दिलास?” दादा हळू आवाजात म्हणाले. “मग का दिलास?”

“तू म्हणला व्हतास म्हणून. इहिरीकडचं दोन एकर तुजंच, म्हणला व्हतास. म्या कागदाकडं बगितलंच न्हाय, दादा. तुज्या तोंडाकडं बगितलं.”

दादांची नजर बहिणीवरून वकिलांवर गेली, पुन्हा बहिणीवर आली. कृष्णराजांना वाटलं, आता हा शपथ घेणार. ऑफिसात घेतली होती तशीच.

“म्हणलो व्हतो,” दादा म्हणाले. आणि मग मोठ्यानं, मागच्या काचेपर्यंत : “म्या म्हणलो व्हतो. आन् ह्या माणसाला आत्ता जे बोललो ते समद्यांनी ऐकलं ना? ते म्या चुकीचं बोललो. हे बी ऐका.”

घंटी वाजली. गाडी सुटली. दोन माणसांच्या त्या बाकावर दादाही कडेला टेकले, बहीण मधे, वकील खिडकीला. गाव मागं पडल्यावर दादा वाकून म्हणाले, “वकीलसाब, आता कसं करावं? आज तारीख हाय.”

“मला विचारायचं नाही,” कृष्णराज घाईनं म्हणाले. “दोघांनीही नाही. तुम्ही पंचाक्षरींना विचारा, आक्का कल्याणप्पाला विचारतील. मी शेतीतलं बोलेन, पावसापाण्याचं बोलेन. बाकी नाही.”

दादा हसले, आणि आक्काही हसल्या. कृष्णराजांच्या मनात मात्र काहीतरी घोळत होतं. शेवटी ते अवघडून म्हणाले, “आक्का, एक विचारू का?”

“इचारा की.”

“हे आता घरी विमलला सांगितलं, तर तुमची काही हरकत नाही ना?”

द्वारकाबाई त्यांच्याकडं बघतच राहिल्या. “बायकोला सुदीक सांगितलं न्हाय व्हय?”

“नाही.”

दीड वर्ष कोर्टाचे उंबरे झिजवताना, सख्ख्या भावासमोर उभं राहताना, आत्ता भर गाडीत सगळं बोलतानाही आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. ते आत्ता आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि मानेनंच सांगितलं, सांगा.